नाना गेले आणि केस आले

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना माझ्या मेहुण्याला ठसका लागला आणि त्याचा शर्ट मला धुवावा लागला. घोटाळा सगळा माझाच आहे, दुसऱ्या कुणाला त्यात ओढत नाही. डोकं माझं, केस माझे आणि अक्कलही माझीच. म्हणजे होती तेवढी.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका शेठकडे डिस्पॅच बघतो. कुठल्या ट्रकमध्ये कुठला माल चढला, वजनकाटा झाला का, गेटपासवर शिक्का बसला का, असलं काम. राहायला पनवेलला. घरात बायको वैशाली आणि माझे वडील, नाना. नाना नगरपालिकेच्या पाणीखात्यातून रिटायर झालेले. त्यांच्या डोक्यावर मी जन्मल्यापासून केस पाहिलेला नाही, आणि त्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटलेलंही पाहिलेलं नाही.

मला मात्र वाटायचं. पण एवढं नाही की ऑपरेशनच करून घ्यावं. ते झालं सीसीटीव्हीमुळे.

एकदा यार्डातून क्रेनची एक साखळी गायब झाली. शेठ म्हणाले, आजचं रेकॉर्डिंग बघा. मी आणि दिलीप म्हात्रे स्क्रीनसमोर बसलो. म्हात्रे आमचा लोडिंगचा सुपरवायझर, उलव्याकडच्या गावातला, अत्यंत सरळ माणूस. कॅमेरा वरून खाली बघणारा. दुपारी दीडच्या सुमाराला एक माणूस पत्र्याच्या कॉइलच्या रांगेतून इकडे तिकडे बघत चाललेला दिसला. वरून त्याचं टक्कल नुसतं चमकत होतं.

मी म्हटलं, "थांबव, थांबव. हा टकला कोण रे? आपल्यातला दिसत नाही. चाल बघ कशी आहे, चोरासारखी."

म्हात्रे एकदा स्क्रीनकडे, एकदा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "वॉचमनला बोलव. विचार त्याला, असल्या माणसाला आत सोडलंच कसं."

म्हात्रे हळूच म्हणाला, "साहेब, शरट बगा."

मी शर्ट बघितला. निळ्या चौकटींचा होता. मग मी खाली माझ्या पोटाकडे बघितलं. तोच.

साखळी संध्याकाळी क्रेनखालीच सापडली. माझी झोप मात्र गेली. समोरून मी स्वतःला रोज आरशात बघत होतो हो, कपाळ जरा मोठं आहे म्हणून समजूत घालत होतो. वरून जग काय बघतंय ते मला माहीतच नव्हतं.

नवीन पनवेलमध्ये एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे. एकेका मुळाला ग्राफ्ट म्हणतात. त्यासाठी अख्खं डोकं तासून घ्यावं लागेल. दहा दिवस जपायचं, डोक्याला कुणाचा हात लागता कामा नये, खाली वाकायचं नाही, बसल्यासारखंच झोपायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरेल, घाबरू नका. महिनाभरात लावलेले केस गळतील, तेव्हाही घाबरू नका. मग हळूहळू नवीन उगवतील. आठ-दहा महिने धरा.

मी सगळं ऐकलं आणि 'उगवतील' एवढंच लक्षात ठेवलं.

ऑफिसात मी 'घरगुती कारण' लिहून दहा दिवसांची रजा टाकली. कारण काय, कुणालाच सांगितलं नाही. यार्डात चाळीस माणसं, एकाला कळलं तर दुसऱ्या दिवशी काट्यावरचा माणूस ट्रकऐवजी माझे केस मोजायला बसला असता.

सोमवारी ऑपरेशन झालं. सुरुवातीची इंजेक्शनं दुखली, नंतर काही कळलं नाही. सात तास गेले. घरी आलो, नानांनी दार उघडलं, माझं डोकं पाहिलं आणि दार तसंच धरून उभे राहिले. तासलेलं डोकं, त्यावर लाल ठिपके, मागे पट्टी.

"भाताची लावणी केल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "मला हे बघवत नाही. सुमनकडे जाऊन येतो चार दिवस."

सुमन म्हणजे माझी बहीण, चिपळूणला असते. मंगळवारी सकाळी नाना एसटीने गेले. आता इथे नीट लक्ष ठेवा. नाना गेले. मंगळवारी सकाळी. शब्द हेच होते आणि घात यांनीच केला.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे सूज डोळ्यांवर उतरली. डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या. कुणी व्हिडिओ कॉल करू नये म्हणून मी फोन बंद ठेवला होता. वैशाली सकाळच्या शाळेत शिकवते, त्यामुळे मी घरात एकटा. दहा वाजता बेल वाजली. कुरिअर असेल म्हणून दार उघडलं, तर म्हात्रे. शिक्क्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात राहिली होती, फोन लागत नव्हता, म्हणून बिचारा बाइकवर आला होता.

त्याने माझं डोकं पाहिलं. डोळे पाहिले. मग हेल्मेट काढून छातीशी धरलं.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यो काय झाला?"

मी मनात म्हटलं, संपलं, पकडलो गेलो. "आत ये, म्हात्रे. आता तुझ्यापासून काय लपवायचं."

तो आत आला. बाल्कनीतली नानांची खुर्ची रिकामी होती. तिकडे बघत त्याने विचारलं, "नाना?"

"नाना गेले ना. परवा सकाळी."

म्हात्रे मटकन सोफ्यावर बसला. "आन तुमी आमाला कलवला पन नाय?"

मला वाटलं, ऑपरेशनचं म्हणतोय. "कुणालाच नाही कळवलं रे. घरातल्या घरात उरकायचं होतं. उगाच गाजावाजा कशाला?"

"सगला नीट झाला ना?"

"झालं. सात तास लागले."

"सात तास," तो पुटपुटला. "लय तरास झाला आसंल."

"सुरुवातीला थोडा. इंजेक्शनं दिल्यावर काही कळलं नाही."

त्याने रुमाल काढून डोळे पुसले. मला भरून आलं. मी मनात म्हटलं, बघा, आपल्या केसांसाठी या माणसाच्या डोळ्यांत पाणी.

"सुटले म्हनायचा," तो म्हणाला.

"सुटलो रे बाबा," मी म्हणालो. "वर्षानुवर्षांची कटकट होती डोक्याला."

त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. पण सुतकातल्या माणसाला काय बोलणार, म्हणून त्याने विषय बदलला असावा. "आता धा दिस घरीच ना?"

"हो. दहाव्या दिवशी डोकं धुवायचं, की मोकळा."

"रीतच हाय ती."

मी चकित झालो. याला एवढं कसं माहीत? "तुमच्याकडे कुणी केलंय का?"

"बापाचा मीच केला ना. दोन वर्सा झाली."

"बापाचं? वय काय होतं त्यांचं?"

"शात्तर."

"शहात्तराव्या वर्षी केलंत?"

"मंग कदी करनार?" म्हात्रे म्हणाला.

मी मान डोलावली. म्हटलं, काय हौस आहे एकेका घराण्यात. शहात्तराव्या वर्षी म्हाताऱ्याला केस लावून दिले पोराने, आणि आपण पंचेचाळिशीत लाजतोय. मला एकदम धीर आला. तरी किल्ली देताना मी म्हटलं, "म्हात्रे, ऑफिसात कुणाला बोलू नकोस."

"साहेब, आशी गोस्ट लपते काय?" तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पुन्हा बेल. वैशालीने दार उघडलं. बाहेर शेठ, म्हात्रे आणि ऑफिसातले पाच-सहा जण. मी खुर्चीत ताठ बसलो होतो, मानेमागे उशी. डोळ्यांच्या फटींतून मला दिसलं ते एवढंच, की सगळं पांढरं पांढरं काहीतरी आत येतंय. शेठ रोजच पांढरे कपडे घालतात आणि दारात तेच पुढे होते, म्हणून वैशालीलाही त्यात वावगं वाटलं नाही. मंडळी पेशंटला बघायला आली आहेत असं समजून ती चहा टाकायला आत गेली.

शेठ माझ्या समोर बसले. साठीचे, सहा फूट उंच, आवाज भारदस्त. माझ्या डोक्याकडे बघत खोल आवाजात म्हणाले, "अविनाशभाई, छप्पर गेलं."

मला वाटलं, चला, शेठने स्वतःच विषय हलका केला. मीही हसून म्हणालो, "जाऊ द्या शेठ. आठ महिन्यांत नवीन येईल."

सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे बघितलं.

"नवीन?" शेठ म्हणाले. "अरे, बाप कधी नवीन येतो का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हात्रेशी झालेलं बोलणं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सरसर डोळ्यांपुढून गेलं. नाना गेले. सात तास लागले. सुटलो रे बाबा. आणि म्हात्रेच्या बापाचं शहात्तराव्या वर्षी काय केलं होतं, तेही कळलं.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं. अगदी बरोबर. मीही तोंड उघडलं होतं. पण बापाला जिवंत करायचं तर केसांचं सांगावं लागणार होतं. आणि समोर काट्यावरचा माणूसच बसला होता. मी तोंड मिटलं. एका मिनिटात सांगू म्हटलं. ते एक मिनिट मला आजही टोचतं.

शेठ उठले आणि मायेने माझ्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले. मी झटकन डावीकडे कललो. त्यांचा हात हवेतून गेला. त्यांना वाटलं मला हुंदका आला. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, मी उजवीकडे गेलो. दोन हजार ग्राफ्ट होते हो डोक्यावर. मागून म्हात्रे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेठ, लय लागलाय त्यांना."

मग एकेक जण बोलू लागला. शेठ म्हणाले, अविनाश एकदा डबा विसरला होता तेव्हा नाना तो द्यायला यार्डात आले होते. तिथला नळ महिनाभर ठिबकत होता. नाना कुणाला काही न विचारता मांडी घालून बसले, खिशातून वॉशर काढला, नळ बंद केला आणि चहाही न घेता निघून गेले. म्हात्रे म्हणाला, नानांनी त्याच्या गावच्या पाइपलाइनचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून दिला होता, आणि पाणी आलं तेव्हा मुद्दाम एसटीने बघायला गेले होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्याच बापाबद्दल मी लोकांकडून ऐकत होतो, आणि सुजलेल्या डोळ्यांतून खरंच पाणी येऊ लागलं.

मी म्हणालो, "शेठ, मला एक सांगायचंय." पण शेठना तेवढ्यात स्वतःचे वडील आठवले आणि ते रडायला लागले. रडणाऱ्या माणसाला मधेच कसं थांबवणार?

त्यात वैशाली चहाचा ट्रे घेऊन आली, अगदी हसतमुख. एकाने जड आवाजात विचारलं, "वहिनी, नाना..."

"नाना ना? आता मजेत असतील," वैशाली म्हणाली. "किती दिवस जायचं जायचं चाललं होतं त्यांचं. ह्यांचं डोकं हे निमित्त झालं. खरं सांगू का, मलाही जरा मोकळीक मिळाली. पथ्याचं दोघांचं करायचं म्हणजे..." आणि ट्रे सोफ्यावरच ठेवून खारी आणायला ती परत आत गेली.

सात-आठ माणसं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. चहाला कुणी हात लावला नाही.

शेठनी डोळे पुसले आणि म्हणाले, "दोन मिनिटं उभं राहू या." सगळे उठले, माना खाली घातल्या. मला वाकायची बंदी होती, त्यामुळे मी एकटाच ताठ मानेने पंख्याकडे बघत उभा. माझ्या पुढ्यात शेठ, म्हणजे दारातून मी कुणाला दिसणं शक्यच नव्हतं.

आणि दारात नाना.

त्याचं असं झालं होतं की आदल्या दिवशी सुमनने वैशालीच्या फोनवर व्हिडिओ कॉल केला होता. माझे डोळे बघून नानांना राहवेना. सकाळची एसटी पकडून ते निघाले ते थेट घरी. जिन्यात चपलांचा ढीग. दार उघडं. आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं माना खाली घालून उभी. आणि मुलगा कुठेच नाही.

नानांच्या हातातली पिशवी पडली. "सांगत होतो त्याला," ते एवढंच म्हणाले, "नको करू म्हणून." आणि उंबऱ्यातच खाली बसले.

आवाजाने म्हात्रेने मान वर केली. त्याने नानांना पाहिलं आणि मागच्या मागे सोफ्यावर बसला, तो चहाच्या ट्रेवरच. शेठ वळले. मी त्यांच्या बाजूने धडपडत पुढे झालो. "नाना, मी आहे. मी इथे आहे."

नाना उठले. त्यांनी मला जवळ ओढलं आणि दोन्ही हातांनी माझं डोकं कुरवाळायला गेले. आणि मी, ज्याचा बाप चार दिवसांनी मेलेल्यातून परत आला होता, पहिलं वाक्य काय बोललो असेन?

"नाना, हात नको. ग्राफ्ट निघतील."

सगळ्यांनी ऐकलं. शेठ म्हणाले, "ग्राफ्ट म्हणजे?"

वैशाली खारी घेऊन दारात उभी होती. "अहो, केस लावून घेतलेत ह्यांनी. तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं तेच बघायला आलात."

मग नानांनी सगळ्यांकडे नीट पाहिलं, पांढरे कपडे पाहिले, माझं तोंड पाहिलं. हिशेब त्यांना लागला. आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि शेठना विचारलं, "म्हणजे मी गेलो होतो?"

"हो नाना," शेठ म्हणाले, "माफ करा."

"माफी कसली? काय काय बोललात ते परत सांगा. वॉशरचं निघालं का?"

आणि खरंच सांगतो, त्यांनी प्रत्येकाला बसवून सगळं पुन्हा बोलायला लावलं. पाइपलाइनच्या अर्जात म्हात्रेने एक तपशील चुकवला, तो दुरुस्त केला. वैशालीने नवा चहा केला, म्हात्रेला माझी पॅन्ट दिली. शेठ एवढे हसले की मघापेक्षा जास्त रडले. पण जाताना दारात थांबून मला म्हणाले, "अविनाशभाई, माझ्या घरात समजलं की मी केसांसाठी बापाला मारलं, तर मला जेवण मिळणार नाही."

"मारलं नाही, शेठ," मी म्हणालो. "फक्त जिवंत केलं नाही."

"किती वेळ?"

"पंधरा-वीस मिनिटं."

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरले.

सगळे गेल्यावर मी नानांजवळ गेलो. म्हटलं, "नाना, चुकलं माझं." त्यांनी घड्याळ बघितलं, टेबलावरची डॉक्टरीणबाईंनी दिलेली फवाऱ्याची बाटली घेतली आणि माझ्या डोक्यावर ते सलाइनचं पाणी मारू लागले. दर तासाला मारायचं असतं ते, वेळ झाली होती. पुढचे सगळे दिवस ते काम त्यांनीच केलं, मिनिटाला मिनिट. पाणीखात्यातला माणूस, पाणी वेळेवर सोडायचं त्यांना शिकवावं लागत नाही.

महिनाभरात लावलेले केस गळले. उशीवर रोज मूठभर. मी हवालदिल झालो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पार विसरलो. नाना मात्र शांत. म्हणाले, "अरे, लावणीनंतर रोप आधी पिवळंच पडतं." आणि खरंच, चौथ्या महिन्यात कोंब दिसले. आठव्या महिन्यात मी भांग पाडला. यार्डात सगळ्यांनी बघितलं, सगळे छान म्हणाले.

मागच्या महिन्यात एक जुना ट्रक ड्रायव्हर माल घेऊन आला. वर्षभराने आमच्याकडे फेरी लागली होती त्याची. गाडी रांगेत लावून माझ्या टेबलाशी आला आणि विचारलं, "गाडी खाली कब होगी?"

मी म्हटलं, "चार बजे तक हो जाएगी."

तो जागचा हलेना. म्हणाला, "आप नहीं. पुराने साहब को बुलाइए. गंजे थे, वो. वो बोलें चार बजे, तो मानूँगा."

मला आतून गुदगुल्या झाल्या. केसांवरून हात फिरवत मी म्हटलं, "अरे भाई, वो मैं ही हूँ."

त्याने माझ्या केसांकडे बराच वेळ पाहिलं.

"इसीलिए तो बोल रहा हूँ," तो म्हणाला. "वो झूठ नहीं बोलते थे."